केरळची पळमपोरी उमरखेडच्या केळ्यांची जमते का? गोड केळीभज्यांचे गणित समजून घ्या

यवतमाळ : कापसाचा जिल्हा अशी ओळख असलेल्या यवतमाळात पैनगंगेकाठचा उमरखेड-महागाव पट्टा वेगळा आहे. इसापूर धरणाच्या पाण्यावर येथे ऊस आणि हळदीसोबत केळीही घेतली जाते. पण केळ्याचा घड पिकू लागला की तो कुणासाठी थांबत नाही. सालीवर काळे ठिपके आले की गिऱ्हाईक भाव पाडून मागते आणि उरलेली केळी अनेकदा जनावरांपुढे जातात. केरळमध्ये मात्र पिकलेल्या केळ्याला चहाच्या टपरीवर हक्काची जागा आहे. तेथे त्याची गोड भजी तळतात. ती आपल्याकडच्या केळ्यांची करता येतील का?

पळमपोरी म्हणजे काय?

मल्याळममध्ये ‘पळम’ म्हणजे पिकलेले फळ आणि ‘पोरी’ म्हणजे तळलेला पदार्थ. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे अनेक जण ‘पझम पोरी’ म्हणतात. मूळ उच्चाराला आपला ‘ळ’ अधिक जवळचा आहे. केळ्याचे लांब काप मैद्याच्या गोडसर, हळदीने पिवळ्या झालेल्या पिठात बुडवून तळायचे, एवढीच ही कृती. केरळमध्ये हा पदार्थ किती जिव्हाळ्याचा आहे, हे जानेवारी २०२० मध्ये दिसले. रेल्वेच्या खानपान यादीतून पळमपोरीसह काही केरळी पदार्थ वगळले गेले, तेव्हा तेथून मोठी नाराजी व्यक्त झाली आणि ते परत घ्यावे लागले.

आपल्याकडे ती का फसतात?

खरा फरक पिठात नसून केळ्यात आहे. केरळमध्ये ‘नेंद्रन’ हे लांब, जाड सालीचे केळे वापरतात. वेफर्सही त्याचेच होतात. नेंद्रन पूर्ण पिकले तरी त्यात बऱ्यापैकी स्टार्च शिल्लक राहतो. त्यामुळे ते तेलात आकार सोडत नाही आणि आतून मऊ, गोड होते.

यवतमाळ, नांदेड, हिंगोली किंवा जळगावात प्रामुख्याने दिसते ते ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘जी-९’. कच्चेपणी त्यातही भरपूर स्टार्च असतो. पण पिकताना जवळजवळ सगळ्याची साखर होते आणि गर मऊ पडतो. असे केळे गरम तेलात गेले की त्याला पाणी सुटते, पीठ निसटते आणि कढईत गोळा होतो.

मग कोणते केळे घ्यावे?

साल पूर्ण पिवळी, पण देठाजवळ किंचित हिरवट छटा असलेले आणि दाबल्यावर घट्ट लागणारे केळे योग्य. ठिपके आलेले केळे या भज्यांसाठी उशिराचे ठरते. म्हणजेच विक्रेत्याला किंवा बचत गटाला भज्यांसाठी माल बाजूला काढायचा असेल, तर तो खराब होण्याची वाट न पाहता दोन दिवस आधीच काढावा लागेल. ठिपके आलेली केळी वाया घालवायची गरज नाही. ती कुस्करून गूळ आणि कणकेत मिसळली की आपल्या ओळखीचे गुलगुले होतात.

कृती काय?

चार मध्यम केळ्यांसाठी एक वाटी मैदा, दोन चमचे तांदळाचे पीठ, दोन चमचे साखर, पाव चमचा हळद, चिमूटभर मीठ आणि थोडी वेलची पूड घ्यावी. अंदाजे पाऊण वाटी पाणी थोडे थोडे घालत, चमच्याच्या पाठीवर जाड थर बसेल इतके घट्ट पीठ भिजवावे. तांदळाच्या पिठाने कुरकुरीतपणा येतो. खाण्याचा सोडा टाळावा. त्याने भजी फुगतात, पण तेलही जास्त पितात.

नेंद्रनचे तीन-चार पातळ उभे काप करतात. जी-९ चे तसे काप मोडतात. म्हणून केळे आधी मधोमध आडवे कापून प्रत्येक तुकड्याचे उभे दोनच भाग करावेत. काप आयत्या वेळी करावेत, नाहीतर ते काळे पडतात. तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस हवे. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो लगेच वर आला, पण काळवंडला नाही, तर तेल तयार आहे. एका वेळी चार-पाचच काप सोडावेत. जास्त टाकले की तेल थंड होते आणि भजी तेलकट होतात.

तेलाची काळजी का?

गोड पिठातील साखर करपून तिचे कण कढईत राहतात. त्यामुळे हे तेल नेहमीच्या भज्यांच्या तेलापेक्षा लवकर काळे पडते. प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने कण काढावेत. तळून तेल खराब झाले की त्यात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ वाढतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. १ जुलै २०१८ पासून ही मर्यादा लागू आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल चिकट झाले, फेस धरू लागला किंवा लवकर धूर सोडू लागले तर टाकून द्यावे.

खरेदी करताना आणखी एक बाब पाहावी. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास देशात बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवण्यास ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे.

कोणी जपून खावे?

केळ्यातील साखर, पिठातील साखर, मैदा आणि तेल असे सगळे या पदार्थात एकत्र येते. मधुमेह असलेल्यांनी तो टाळलेला बरा. इतरांनीही एक-दोन तुकड्यांवर थांबावे. भजी गरम असतानाच खावीत. गार झाली की केळ्याच्या ओलाव्याने आवरण मऊ पडते, आणि पुन्हा तळल्यास ती फक्त तेल पितात.