धंदा ‘स्टार्ट’ केला की ‘इन्कॉर्पोरेट’?

मराठीत आपण सरळ म्हणतो, “धंदा सुरू केला.” पण इंग्रजी फॉर्म भरताना प्रत्येक क्रियापदाची तारीख वेगळी असते.

आज पुण्यात मुख्यालय असलेली किर्लोस्कर ब्रदर्स घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. कंपनी ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणून हेच साल सांगते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीत कारखाना उभारला, म्हणजे ‘सेट अप’ केला. १९२० मध्ये लिमिटेड कंपनी झाली, ती ‘इन्कॉर्पोरेटेड’. नाव एकच, सालं तीन!

आता तुमचं बघा. दुकान उघडलं की ‘ओपन’. नवीन प्रॉडक्ट बाजारात आणलं की ‘लाँच’. प्रत्यक्ष धंदा चालू झाला ते ‘कमेन्समेंट’. उद्यम नोंदणीत ही तारीख वेगळी विचारतात.

एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर कार्डावर ‘इन्कॉर्पोरेटेड’ छापू नका. तो शब्द कंपनी किंवा एलएलपी नोंदवली तरच. आणि शेअर भांडवलाची कंपनी काढलीत, तर नोंदणीपासून १८० दिवसांत ‘कमेन्समेंट’चं डिक्लेरेशन भरा. त्याआधी धंदा सुरू करता येत नाही, आणि चुकलं तर दंड बसतो.

म्हणून आजच वहीत दोन तारखा लिहून ठेवा: धंदा चालू झाल्याची आणि नोंदणीची.