बंदराचे लोखंडी राखणदार

१८७० मध्ये इंग्लंडमध्ये तीन चमत्कारिक चिलखती जहाजे बांधून पूर्ण झाली. ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ ही दोन मुंबई बंदराच्या रक्षणासाठी होती. १८६८ च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेवरून त्यांना ही नावे मिळाली. तिसरे, ‘सर्बेरस’, १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नला पोचले. शिडे नाहीत, फक्त वाफेचे इंजिन, आणि डेक पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच! युद्धनौका इतकी बुटकी का बांधावी?

उत्तरासाठी थोडा हिशेब करू. सर्बेरसची लांबी सुमारे ६९ मीटर आणि कुशीवरचे घडीव लोखंडाचे चिलखत सर्वांत जाड जागी ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर. लोखंडाची घनता पाण्याच्या ७.८ पट धरली, तर असा एक चौरस मीटर पत्रा दीड टनाहून जड होतो. जहाजाच्या दोन्ही कुशी मिळून १३८ मीटर. म्हणजे कुशीची उंची एका मीटरने वाढवली, तर नुसते चिलखतच सुमारे २१५ टनांनी वाढेल! सर्बेरसचे एकूण वजन सुमारे ३,३०० टन होते, हे लक्षात घ्या. शिवाय हा भार वरच्या बाजूला पडतो. त्यामुळे जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ते कलंडण्याची भीती वाढते. याउलट कुशी बुटकी ठेवली, तर थोड्या लोखंडात जाड चिलखत बसते आणि शत्रूला नेम धरायला जागाही कमी मिळते.

पण मग लाटा सरळ डेकवर येणार! सर्बेरस आणि मॅग्डालाचा आराखडा करणारे एडवर्ड रीड यांनी यावर तोडगा काढला. डेकच्या मधल्या भागाभोवती त्यांनी चिलखती कोट उभारला. धुराडे आणि खाली उतरण्याच्या वाटा या कोटाच्या आत आल्या. कोटाच्या दोन टोकांना एकेक फिरता बुरूज आणि प्रत्येक बुरुजात १० इंची दोन तोफा. बुरूज फिरत असल्याने नेम धरण्यासाठी सबंध जहाज वळवावे लागत नसे.

बुटक्या कुशीची किंमत किती मोठी असू शकते, हे त्याच वर्षी दिसले. ‘कॅप्टन’ या युद्धनौकेवरही फिरते बुरूज होते, पण ती भर समुद्रात जाणारी असल्याने तिला उंच डोलकाठ्या आणि शिडे दिली होती. रीड यांचा या आराखड्याला आक्षेप होता. डेक पाण्यापासून फक्त दोन मीटर उंच. जहाज कलले की बुडणारी बाजू पाण्यात अधिक शिरते आणि पाणी तिला वर रेटते. मात्र डेकची कड पाण्याखाली गेली, की हा रेटा पुरेसा वाढत नाही. कॅप्टनची कड सुमारे १४ अंशांनाच बुडे. ७ सप्टेंबर १८७० च्या रात्री स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात ती उलटली. सुमारे ४८० माणसे बुडाली. फिरत्या बुरुजांचे पुरस्कर्ते काउपर कोल्स हेही त्यांत होते.

म्हणजे बुटकी कुशी हा दोष की गुण, हे जहाजाच्या कामावर ठरते. शिडांविना, शांत बंदरात तो गुण होता. मेलबर्नच्या लांब प्रवासासाठी मात्र सर्बेरसच्या कुशी पत्रे लावून तात्पुरत्या उंच कराव्या लागल्या होत्या.

वर्गात हे करून पाहता येईल. सारख्याच लांबी-रुंदीचे, पण वेगळ्या जाडीचे थर्मोकोलचे दोन तुकडे घ्या. दोन्हींवर मधोमध सारखे वजन चिकटवून ते पाण्यात सोडा. मग एक बाजू बोटाने हळूहळू दाबा. कोणत्या तुकड्याची कड आधी बुडते? त्या वेळचा कोन मुलांना मोजू द्या.

या तिन्ही जहाजांना कधीच लढावे लागले नाही. मुंबईची दोन्ही १९०३-०४ मध्ये विकली गेली. सर्बेरस १९२६ मध्ये मेलबर्नजवळ लाटा अडवण्यासाठी मुद्दाम उथळ पाण्यात बुडवले. गंजलेला सांगाडा वरचा भार पेलू न शकल्याने १९९३ मध्ये खचला. आयुष्यभर ज्या वजनाचा हिशेब सांभाळावा लागला, त्यानेच शेवटी त्याला बसवले.