पाटीवर पाच टन, हाती साडेचार

सुरतेच्या पांडेसरा, सचिन, पलसाणा पट्ट्यात साड्यांना रंग चढतो तो वाफेच्या जोरावर. पॉलिएस्टरमध्ये रंग मुरायला रंगाईच्या जेट मशीनला १३० अंशांच्या आसपास तापमान लागतं. म्हणून बहुतेक प्रोसेस हाऊसच्या मागच्या अंगाला कोळशाची रास, चिमणी आणि बॉयलर दिसतो. उधना-लिंबायतच्या खानदेशी घरातला मुलगा इथे अप्रेंटिस म्हणून लागला, की आधी बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासमधल्या पाण्यावर नजर ठेवायला शिकतो. ते जिवाशी गाठ असलेलं काम. हिशेबाचं शिक्षण मात्र बॉयलरच्या पाटीपासून सुरू होतं.

पाटीवर ‘५ टन, एफ अँड ए (फ्रॉम अँड अॅट) १००’ असतं. म्हणजे १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ, ताशी पाच टन. त्यासाठी किलोमागे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ताशी २७ लाख. बॉयलरची खरी ताकद ती एवढी.

मिलला वाफ हवी दहा किलो दाबाची. तिच्यात किलोमागे सुमारे ६६५ किलोकॅलरी असतात. बॉयलरला पुरवलेलं, म्हणजे फीडचं पाणी ६५ अंशांचं असेल, तर उरलेल्या ६०० बॉयलरने द्यायच्या. २७ लाखांना ६००ने भागा, वाफ निघते साडेचार टन. पाणी ३५ अंशांचं टाकलं, तर तीच आग जेमतेम ४.३ टन देते. जेटच्या कॉइलमधून निघणारं गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, गटारात न सोडता फीड टाकीत आणायचं, ते यासाठी. फीड सहा अंशांनी तापलं, की सुमारे एक टक्का इंधन वाचतं.

आता कोळसा. किलोमागे ४,००० किलोकॅलरीचा माल ताशी ९०० किलो जळला, तर आत गेले ३६ लाख. वाफेत उतरले २७ लाख. कार्यक्षमता ७५ टक्के.

उरलेले नऊ लाख गेले कुठे, हे हा भागाकार सांगत नाही; ते बॉयलरभोवती फिरून शोधावं लागतं. चिमणीचा पारा नेहमीपेक्षा चढा असेल, तर नळ्यांवर काजळी किंवा आत क्षार साचलाय, नाहीतर हवा जास्त जातेय. राखेत काळे तुकडे दिसले, तर कोळसा न जळताच पडतोय. ओला कोळसा स्वतःचं पाणी उडवण्यातच उष्णता खातो. ब्लोडाऊन, म्हणजे क्षार काढायला बॉयलरमधलं पाणी सोडणं, गरजेपेक्षा जास्त झालं, तर तापवलेलं पाणी वाया.

१९२३च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५च्या कायद्याने घेतली, तरी भर सुरक्षेवरच आहे; कोळशाचा हिशेब मिललाच ठेवावा लागतो. कोळसा न तोलता, पाण्याचं मीटर न वाचता लिहिलेली कार्यक्षमता म्हणजे निव्वळ अंदाज. आणि त्या अंदाजाची किंमत रोजच्या कोळशाच्या बिलात निघते.