फ्रेंच भाषेतील अनौपचारिक अभिवादने व आभारवचने

भेट, निरोप व कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी फ्रान्समधील दैनंदिन व्यवहारात योजिले जाणारे रूढ शब्दप्रयोग. त्यांची निवड बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून असते. ‘त्यू’ (तू) व ‘व्हू’ (तुम्ही, आपण) हा सर्वनामभेद तिच्या मुळाशी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, समतेच्या तत्त्वानुसार सर्वांना ‘त्यू’ संबोधण्याचा आग्रह धरण्यात आला. तथापि तो टिकला नाही. आजही अपरिचितास ‘त्यू’ म्हणणे अवमानकारक ठरू शकते.

‘बोंझूर’ (शब्दशः शुभदिन) हे सर्वांत व्यापक अभिवादन होय; सायंकाळी ‘बोंस्वार’ म्हणतात. दुकानात शिरताना किंवा वाटसरूस रस्ता विचारताना प्रथम ‘बोंझूर’ म्हणणे आवश्यक मानतात. ते गाळून केलेली विनंती, तिची भाषा कितीही शुद्ध असली, तरी उद्धटपणाची वाटते. मित्रमंडळींत ‘साल्यू’ रूढ आहे. हा शब्द आरोग्य व सुरक्षितता या अर्थांच्या ‘सालूस’ या लॅटिन शब्दापासून आला असून तो भेटताना तसेच निरोप घेतानाही वापरतात. ‘कूकू’ हे त्याहून लडिवाळ अभिवादन आहे. पाठोपाठ ‘सा व्हा?’ (ठीक ना?) असे विचारतात. केवळ स्वराघात बदलून ‘सा व्हा’ हेच त्याचे उत्तर देता येते. प्रकृतीची सविस्तर हकीकत अपेक्षित नसते.

आभारासाठीचा ‘मेर्सी’ हा शब्द ‘मेर्केस’ (वेतन, मोबदला) या लॅटिन शब्दापासून आला असून ‘कृपा’ या अर्थातून त्याला सांप्रतचा अर्थ प्राप्त झाला. मराठी कुटुंबात आप्तांचे आभार मानणे परकेपणाचे वाटते; फ्रेंच कुटुंबात मात्र पाण्याचा पेला पुढे केला, तरी ‘मेर्सी’ म्हणण्याची सवय मुलांना लावतात. जेवताना पदार्थाचा आग्रह झाल्यावर मान हलवून नुसते ‘मेर्सी’ म्हटल्यास त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. पदार्थ हवा असल्यास ‘वी, मेर्सी’ (होय, आभारी आहे) असे म्हणावे. अन्यथा पाहुण्यास भुकेले राहण्याचा प्रसंग येतो. आभारांचे उत्तर मित्रास ‘द रियँ’ (त्यात काय!), तर अपरिचितास वा वडीलधाऱ्या परक्या व्यक्तीस ‘झ व्हू-झाँ प्री’ असे देतात.

प्रदेशपरत्वे या संकेतांत फरक आढळतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आभारांच्या उत्तरादाखल ‘ब्यँव्हन्यू’ (शब्दशः स्वागत) म्हणतात. फ्रान्समध्ये हा शब्द आलेल्या पाहुण्याच्या स्वागतापुरताच योजिला जातो.