लोअर परळ ते वरळी : तिथी बघून निघा!

मार्च महिना म्हटला की हॉस्टेलवाल्यांच्या नशिबी जर्नल, सबमिशन आणि रूममधला उकाडा. अशा वेळी एखाद्या रविवारी पाच-सात जणांनी मिळून लोअर परळ स्टेशनवरून वरळीच्या किल्ल्यापर्यंत चालत जावं. रमतगमत दोन-अडीच तास लागतात आणि खर्च म्हणाल तर फक्त वडापाव-चहाचा. प्रश्न एकच, निघायचं कधी? बहुतेक जण मोबाईलवर तापमान बघून ठरवतात. किनाऱ्यावर चालणाऱ्याने मात्र दोन गोष्टी बघाव्यात : वारा कधी फिरतो आणि पाणी कधी ओसरतं.

आधी वाऱ्याचं बघू. मार्चमध्ये मुंबईत सकाळी बरेचदा पूर्वेकडून, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने, कोरडा वारा येतो. ऊन चढलं की जमीन झटकन तापते. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त, त्यामुळे समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हेच आपण शाळेत शिकलेले खारे वारे. ते दुपारी बारापर्यंत आले तर दिवस बरा जातो. पण पूर्वेचा वारा जोरात असला तर तो त्यांना अडवून धरतो आणि पारा चढतच राहतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ४१.७ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मार्चमध्ये मुंबई इतकी तापते ती प्रामुख्याने या उशिरा येणाऱ्या वाऱ्यामुळे. कधीकधी तर पाऊसही हजेरी लावतो. मार्च २०२३ मध्ये अवकाळी पावसाने मुंबईकरांना भिजवलं होतंच की!

आता तुम्ही म्हणाल, समुद्र तर दोन-अडीच किलोमीटरवर, मग लोअर परळला वारा का लागत नाही? एक तर मध्ये वरळीची टेकडी. त्यात गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. इमारतींच्या गर्दीत जमिनीलगतचा वारा मंदावतो. शिवाय हा भागच सखल. पूर्वी महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं. १७८० च्या दशकात हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, तेव्हा ते थांबलं. म्हणजे आपल्या वाटेचा सुरुवातीचा भाग जुन्या खाजणाजवळूनच जातो म्हणा ना! स्टेशनहून गणपतराव कदम मार्गाने वरळी नाका गाठा, तिथून सी-फेसला वळा. वारा आला असेल तर तो इथे पहिल्यांदा अंगावर येतो. दुपारनंतर तो साधारण वायव्येकडून असतो, म्हणून किल्ल्याकडे जाताना समोरूनच लागतो. त्याने घाम वाळतो, बरं वाटतं आणि तहान लागलेली कळत नाही. तेव्हा तहान लागो न लागो, दर अर्ध्या तासाने पाणी प्यायचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा यासाठी एक सोपा हिशोब आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सहाच्या सुमारास. चंद्राचं रोजचं मागे पडणं यात पंचेचाळीस मिनिटं धरलं आहे. कॅल्क्युलेटर नसताना काढलेलं हे उत्तर काही वाईट नाही!

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. संध्याकाळी खडक उघडे पडलेले बघायचे असतील तर अमावास्या, पौर्णिमा किंवा त्यानंतरचा एखादा दिवस निवडा. गुढीपाडवा तर अगदी झकास. ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना मुंबईचा किनारा दाखवतो, तोही ओहोटी बघूनच. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथले प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवावे लागले होते. शहराच्या इतक्या जवळ प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना तेव्हाच कळलं.

मात्र उधाणाची ओहोटी जितकी लांब जाते, तितकीच भरती वेगाने परतते. पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. चार मीटरचा चढ असेल तर मधल्या दोन तासांतच पाणी दोन मीटर वाढतं, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून! पहिल्या तासात मात्र जेमतेम फूटभर, म्हणून माणूस गाफील राहतो. मागच्या सखल भागात पाणी भरतं आणि आपण उभे असलेल्या खडकाचं बेट होतं. हाजी अलीची वाट भरतीत बुडते, तोच प्रकार.

म्हणून नियम ठरवून टाका. ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं. तिथीचा हिशोब ढोबळ असतो, त्यामुळे खडकांवर उतरण्यापूर्वी त्या दिवसाचं भरतीचं छापील किंवा मोबाईलवरचं वेळापत्रक बघायचंच. शेवाळ्यावर स्लीपर चालत नाहीत, बूट घाला. गटातल्या एकाने घड्याळावर लक्ष ठेवायचं आणि त्याने ‘चला’ म्हटलं की बाकीच्यांनी फोटो आवरायचे. कोळीवाड्यातून किल्ल्याकडे जाताना वाळत घातलेली जाळी तुडवू नका. आणि एखाद्या काकांना किंवा मावशींना ‘आज पाणी कसं आहे?’ असं जरूर विचारा. ते ‘आज नको’ म्हणाले, तर खाली न उतरता किल्ल्यावरूनच सूर्यास्त बघायचा आणि परत फिरायचं.