दोन लहरींमधले वीस सेकंद

आमच्या वरकुट्याचं नाव शाळेच्या नकाशावर नसतं. म्हणून तालुक्याच्या गावावर, इंदापूरवर, कंपासचं टोक रोवलं आणि सुमारे 160 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. पश्चिमेकडे ते कोयना धरणाजवळून गेलं, पूर्वेकडे किल्लारीजवळून. महाराष्ट्राने पाहिलेले दोन मोठे भूकंप एकाच रेघेवर! भूकंपाचा उगम कसा शोधतात, हे मला या वर्तुळामुळेच नीट कळलं.

जमिनीखाली खडक तुटला की दोन प्रकारच्या लहरी एकाच क्षणी निघतात. प्राथमिक, म्हणजे ‘पी’ लहर खडकाला दाबत-ताणत सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने धावते. दुय्यम, म्हणजे ‘एस’ लहर खडकाला आडवी हलवत साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने मागून येते. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, तसंच हे. दोघींमधल्या सेकंदांना आठाने गुणलं की भूकंपाचं अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळतं. इंदापुरात भूकंपमापक यंत्र असतं, तर 11 डिसेंबर 1967 ला कोयनेच्या लहरींमध्ये सुमारे वीस सेकंदांचं अंतर दिसलं असतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या लहरींमध्येही जवळजवळ तेवढंच. एकट्या यंत्राला अंतर कळतं. दिशेचा मात्र कच्चा अंदाजच येतो. म्हणून यंत्राच्या ठाण्याभोवती त्या अंतराएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढतात. दुसऱ्या ठाण्याचं वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदतं, तिसऱ्याचं त्यातली एक जागा निवडतं.

नकाशावर हे सोपं दिसतं. खरी कसोटी लागते ती नोंद वाचताना. भूकंपाच्या नोंदीचा कागद पुढ्यात घेऊन बसलं, की आधी दिसते ती नुसती बारीक थरथर. जमीन कधीच पूर्ण शांत नसते. पुणे-सोलापूर महामार्गावरचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, विहिरीचे पंप, खडी क्रशरसाठी उडवलेले सुरुंग हे सगळं संवेदनशील यंत्र टिपतं. म्हणून ठाणं शक्यतो वर्दळीपासून दूर, पक्क्या खडकावर बसवतात. या थरथरीतून ‘पी’चं पहिलं पाऊल ओळखायचं असतं. उभी हालचाल टिपणाऱ्या रेघेवर ते जास्त स्पष्ट उमटतं. ‘एस’ आडव्या हालचालीच्या रेघांवर शोधावी लागते, आणि ती ‘पी’च्या शेपटीत मिसळून येते. रेघ नेमकी कुठे रुंदावली यावर नजर थबकते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. एका सेकंदाची चूक म्हणजे ‘पी’साठी सहा किलोमीटरचा फरक. म्हणूनच सगळ्या ठाण्यांची घड्याळं आता उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असतात.

प्रत्यक्षात आज कोणी वर्तुळं काढत बसत नाही. जर्मनीतल्या लुडविग गायगरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेली रीत संगणक वापरतो. उगमाची जागा, खोली आणि वेळ आधी अंदाजाने धरायची. तिथून निघालेली लहर प्रत्येक ठाण्यावर कधी पोहोचायला हवी ते काढायचं. प्रत्यक्ष वेळेशी ताडून बिंदू सरकवायचा. आणि फरक कमीत कमी होईपर्यंत हेच करत राहायचं. खालच्या खडकातला वेग चुकीचा धरला, तर बिंदूही चुकतो. सर्वांत अवघड असते खोली. लांबच्या ठाण्यांना पाच किलोमीटर आणि पंधरा किलोमीटर खोलीतला भेद फारसा जाणवत नाही. त्यासाठी उगमाच्या जवळपास, जवळजवळ डोक्यावरच, एखादं यंत्र हवं.

इथेच कोयना आणि किल्लारीच्या वाटा वेगळ्या होतात. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यावर 1962 पासून कोयना परिसरात हादरे जाणवू लागले आणि त्यानंतर लवकरच पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने धरणाभोवती भूकंपमापक बसवले. 1967 चा 6.3 तीव्रतेचा भूकंप आला तेव्हा यंत्रं तिथे होती. आज तर सुमारे दीड किलोमीटर खोल विंधनविवरांत भूकंपमापक उतरवले गेले आहेत. वरचा गोंगाट तिथे फारसा पोहोचत नाही. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्रही घेतलं गेलं. कोयना-वारणेचे हादरे धरणाच्या दक्षिणेला एका लहान पट्ट्यातच एकवटलेले आहेत, हे ठामपणे सांगता येतं ते या जवळच्या यंत्रांमुळेच.

किल्लारीचा भाग मात्र भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात होता. गणेश विसर्जनानंतरच्या त्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, जवळपास 8,000 माणसं गेली, आणि मुख्य धक्क्याची जागा दूरदूरच्या ठाण्यांवरून काढावी लागली. वेगवेगळ्या संस्थांच्या बिंदूंमध्ये काही किलोमीटरचा फरक राहिला. नंतर संशोधकांनी तिथे यंत्रं नेली, मागाहून येणारे धक्के मोजले, किल्लारीजवळच्या शेतांत जमीन कुठे फाटली, कुठे उचलली गेली तेही पाहिलं. पण मुख्य धक्का पुन्हा मोजता येत नाही. यंत्र आधीच असावं लागतं, आणि ते शांत वाटणाऱ्या प्रदेशातही असावं लागतं. आपला तालुका या दोन्ही जागांच्या मधोमध आहे, म्हणून मला हे जास्तच टोचतं.

यंत्र बसवणं आपल्या हातात नाही, पण एक काम आहे. हादरा जाणवला तर आधी स्वतःला सुरक्षित करा, मग घड्याळ पाहा. भांडी वाजली की भिंतीला तडा गेला, ते लिहून ठेवा आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राकडे कळवा. आणि केंद्राने जागा जाहीर करेपर्यंत मोबाईलवर फिरणारा कुठलाही ‘केंद्रबिंदू’ पुढे पाठवू नका.