पूर्ण वाढलेला माडही हलवता येतो

रस्त्याच्या किंवा घराच्या बांधकामाच्या आड माड आला की पहिल्यांदा कुऱ्हाड आठवते. एवढे मोठे झाड दुसरीकडे जगणार नाही, असे आपण धरून चालतो. आंबा-फणसाच्या बाबतीत ही भीती बरीचशी खरी आहे. त्यांचे पाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून दूर पसरलेली असतात आणि खणताना तीच मागे राहतात.

माड, पोफळी, ताड या एकदल वनस्पतींची घडण वेगळी आहे. त्यांना सोटमूळ नसते. खोडाच्या तळाशी असलेल्या फुगीर भागातून जेमतेम बोटाच्या जाडीची मुळे फुटतात. प्रौढ माडाला अशी चार ते सात हजार मुळे असतात. जुनी मरत जातात आणि नवी येत राहतात. त्यामुळे मातीचा लहान गोळा घेऊनही माड हलवता येतो.

खणताना तुटलेल्या मुळांचे पुढे काय होते, हे फ्लोरिडा विद्यापीठातील टिमोथी ब्रॉशॅट आणि हेन्री डॉन्सेलमन यांनी १९८४ मध्ये तपासले. माडाच्याच कुळातल्या सबाल पामची तुटलेली जवळजवळ सगळी मुळे मेली. त्याला खोडातून नवीच मुळे काढावी लागली. रॉयल पामची मुळे जितकी लांब राखली तितकी अधिक जगली. माडाची मात्र सुमारे निम्मी मुळे लांबी कितीही असली तरी जगली आणि त्यांना फाटे फुटले.

माडाचे दुबळेपण वेगळ्याच जागी आहे. त्याची वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबावर अवलंबून असते. कोंब मेला की माड गेला. खोडावरची जखमही भरून येत नाही, कारण आंब्याचे खोड जाड करणारा पेशींचा थर माडात नसतोच. म्हणून आधाराचे टेकू खोडाला खिळ्यांनी ठोकू नयेत. खोडाला गोणपाट गुंडाळावे, त्यावर लाकडी पट्ट्या आवळाव्यात आणि टेकू त्या पट्ट्यांना जोडावेत. खालच्या जून झावळ्या छाटाव्यात, म्हणजे बाष्पीभवन घटते. उरलेल्या झावळ्या कोंबाभोवती सैलसर बांधाव्यात. ताज्या जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, त्यामुळे वरचेवर लक्ष ठेवावे.

वाऱ्यात पडू नये म्हणून माड खोल पुरण्याचा मोह होतो. तो टाळावा. खोल गेलेल्या मुळांना हवा मिळत नाही आणि झाड हळूहळू खंगते. पूर्वी जेवढा जमिनीत होता, तेवढाच ठेवावा. उबदार, ओलसर मातीत मुळे लवकर फुटतात. म्हणून कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर हे काम करावे आणि पावसाने ओढ दिली तर अळ्यात पाणी घालावे.

नव्या रोपाला फळ धरायला काही वर्षे जातात, तर जगलेला माड मुळे सावरली की पुन्हा नारळ देऊ लागतो. म्हणून माड तोडण्याची परवानगी मागण्याआधी तो हलवता येईल का, याची चौकशी जरूर करा.